पाचपैकी पाच

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

ही वही ईश्वरीची. पहिली चार पानं कायद्याने भरलेली होती, ती तिने फाडली आणि म्हणाली, "आजी, आता तू लिही." मी म्हटलं, मी चौथी पास, काय लिहू? म्हणाली, "मला सांगतेस तेच लिही ना." म्हणजे तिला आता वेळ नाही, वहीला सांगायचं. चालेल. वही मधेच फोन बघत नाही.

आम्ही राहतो ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. नावात पार्क, बाकी कारखाने. मुलगा सुजीत इथेच ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात क्वालिटीचा मॅनेजर. सून विभावरी अल क्वोजला एका गोदामाच्या ऑफिसात. दोघं सातला जातात, ईश्वरी आठला. मग पाचपर्यंत घर माझं.

ईश्वरी ही नात, एकवीस वर्षांची. एकाच वेळी दोन डिग्र्या करतेय, वकिलीची आणि मानसशास्त्राची. कॉलेज ऑस्ट्रेलियाचं, शाखा इथली. चार वर्षं झाली. आता तिच्या डोक्यात ऑनर्स घुसलंय. मी विचारलं ते काय असतं. तर एक वर्ष वकिली थांबवायची आणि नुसतं मानसशास्त्र करायचं, तेही ज्यांना घेतील त्यांनाच. मानसशास्त्राच्या विषयांची सरासरी पंच्याहत्तर हवी. कायद्याचे मार्क धरत नाहीत. तिची आत्ता चौऱ्याहत्तर आहे. या सहामाहीत एक प्रोजेक्ट आहे, त्यावर सगळं.

सुजीतला पटत नाही. म्हणतो वकिली अर्ध्यात कशाला सोडायची. ती म्हणाली, "आय ॲम नॉट लीव्हिंग इट, डॅड. आय ॲम पॉझिंग इट." बापाशी इंग्रजी, माझ्याशी मराठी. लहानपणी मी इंग्रजीला उत्तरच द्यायचे नाही, त्याचं हे फळ.

१७ सप्टेंबर, बुधवार

प्रोजेक्ट कळला. मुलांकडे इथे येऊन राहिलेल्या साठीच्या पुढच्या बायकांना कसं वाटतं, हे विचारायचं. मी म्हटलं त्यात काय विचारायचं, बाया सांगणार आहेत का. ती म्हणाली विचारायचं नाही, फॉर्म द्यायचा. वीस वाक्यं, प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे, एकाला गोल करायचा. बारा मराठी बोलणाऱ्या बायका हव्यात.

बारा बायका म्हणजे काय मोठं. मी पुण्यात बावीस वर्षं मेस चालवली, एका दिवसात चाळीस पोरं नवीन आली तरी पंगत बसवली आहे. मी म्हटलं तू फॉर्म छाप.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

संध्याकाळी बाकावर विषय काढला. आमच्या बिल्डिंगीखाली कडुनिंबाला टेकून एक बाक आहे, तिथे आम्ही रोज असतो. मरियमबी दापोलीकडची, मुलीकडे राहते. उर्मिला पुण्याची, बँकेतून रिटायर, त्यामुळे जगात जे कागद आहेत ते वाचायचा हक्क आपला, असं तिला वाटतं.

मरियमबी म्हणाली, "सही करायची म्हणतेस? कसली?"

"फॉर्म राजीखुशीने भरला, याची."

"नको गो बाय. सही केली की ती कुठे जाते ते कळत नाही. जावई उद्या विचारील."

उर्मिलाने फॉर्म चष्म्याजवळ धरून पूर्ण वाचला. म्हणाली, "तानुताई, यात काही वाक्यं सरळ आहेत, काही उलट. नवव्याला पाच दिले तर..."

मी म्हटलं, बँकेत होतीस ती होतीस, इथे नको शहाणपण. पोरीच्या परीक्षेचा कागद आहे. त्यात आकडे आहेत. म्हणजे मार्क आहेत. डोक्याला कशाला ताप? खुशाल पाच द्या.

यावर मरियमबीचा चेहरा खुलला. म्हणाली, "एवढंच ना? देऊ की. पोरगी चांगली आहे."

विभावरी घरपोच जेवण आणणाऱ्या माणसाला फोनवर पाच चांदण्या देते. वरण सांडलेलं असलं तरी देते. नाही दिल्या तर त्याची नोकरी जाते म्हणे. परक्याला देतो, मग घरच्या पोरीला तीन का द्यायचे?

११ ऑक्टोबर, शनिवार

फॉर्म झाले. आमच्याच हॉलमध्ये. अकरा बायका आल्या, बारावी मी. चिवडा आणि चहा. ईश्वरी दारातून सगळ्यांना सांगत होती, "मावशी, बरोबर-चूक काही नाही हं, तुम्हाला खरं वाटतं तेच लिहा." आणि मी तिच्या मागे उभी राहून हाताची पाच बोटं दाखवत होते. सगळ्यांना कळलं. दहा मिनिटांत कागद हातात. मरियमबीने तर सहीसुद्धा केली.

ईश्वरी म्हणाली, "एवढ्या लवकर?" मी म्हटलं, आमच्या बायका कामाच्या आहेत, तुझ्या कॉलेजसारख्या नाहीत.

जाताना उर्मिला कानात म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून दिले. पण मला पटलं नाही." तिला बँकेतही काही पटत नसणार.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

फराळ झाला. चकली तेलकट झाली, विभावरीने केली होती, मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

दुपारी सुजीत माझ्याजवळ येऊन बसला. तो असा येऊन बसत नाही, तेव्हाच कळलं काम आहे. म्हणाला, "आई, ऑनर्स इथल्या शाखेत नाही, माहितेय ना तुला? ऑस्ट्रेलियाला जावं लागतं. फेब्रुवारीत."

मला माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखी मान हलवली.

"तू सांग तिला. तुझं ऐकते ती. आणि मग तुझ्याशी तरी दिवसभर बोलणार कोण?"

मी म्हटलं माझी काळजी नको. मला टीव्ही आहे.

पण लिहायचं तर खरं लिहिते. मनात आलं, नाही मिळालं ते ऑनर्स तर काय बिघडतं. वकील होईल. वकिलीत काय कमी आहे. इथेच राहील, डबा घेऊन जाईल, संध्याकाळी येऊन सांगेल कोणत्या खटल्यात काय झालं. मला खटले आवडतात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ईश्वरीने फॉर्मचे आकडे कंप्युटरमध्ये घातले. मग कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. मी भेंडी चिरत होते.

"आजी, गंमत बघ. चौथं वाक्य, 'मला इथे करमतं.' बाराच्या बारा जणी पाच. नववं वाक्य, 'दिवसभरात माझ्याशी बोलायला कोणी नसतं.' बाराच्या बारा जणी पाच."

"मग?"

"मग सगळ्यांना करमतंय आणि सगळ्यांशी बोलायला कोणी नाही. वीसच्या वीस वाक्यांना पाच. असं होऊच शकत नाही. पाच म्हणजे 'पूर्ण पटतं', आजी. पाच म्हणजे 'चांगलं' असं नाही." कागद ओट्यावर ठेवला. "तू त्यांना काही सांगितलं होतंस?"

मी म्हटलं, "नाही."

तिने कागद परत उचलला. मग म्हणाली, "डॉक्टर एमानला हे दाखवलं तर तिला वाटेल मीच बसून भरले." आणि गेली.

डॉक्टर एमान म्हणजे तिची प्रोजेक्टची बाई. सुई देणारी डॉक्टर नाही, शिकवणारी. तिने हो म्हटल्याशिवाय ऑनर्सला घेत नाहीत.

मी नाही का म्हटलं? घाबरले म्हणून म्हटलं असेन. दुसरं कारण बुधवारच्या पानावर आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

दोडक्याची भाजी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज सांगून टाकलं.

झालं असं, की ईश्वरी सोफ्यावर फॉर्म घेऊन बसली होती आणि एकेक वाक्य खोडून परत लिहीत होती. मला म्हणाली, "आजी, 'बोलायला कोणी नसतं' हे बरोबर आहे का? की 'कोणी नाही' हवं?" मी म्हटलं दोन्ही चालतं, का? तर म्हणाली, "माझं मराठी चुकलं असणार. मावश्यांना वाक्यं कळलीच नाहीत. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिणार आहे, की भाषांतर नीट नव्हतं, रिसर्चरचं मराठी पुरेसं नाही."

आता हे मात्र मला चालण्यासारखं नव्हतं. तिचं मराठी माझ्याकडून आलंय. दोन वर्षांची होती तेव्हापासून तासन्‌तास बसून मी ते तिच्यात घातलंय. ते पुरेसं नाही, असं ऑस्ट्रेलियाच्या कागदावर इंग्रजीत लिहून जाणार? मी म्हटलं, तुझं मराठी उत्तम आहे. बायकांना शब्दन्‌शब्द कळला होता. मीच सांगितलं होतं पाच द्या म्हणून. मार्क समजून.

ती आधी हसली. मग रडली. मग कंप्युटर उघडला. याच क्रमाने.

"शनिवारी विचारलं होतं तुला."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं कुकर झालाय, बघते. कुकर खरंच झाला होता.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जेवताना सगळ्यांना कळलं. विभावरी म्हणाली, "अहो आई, काय हे." एवढंच म्हणाली, पण तिने भाजी परत घेतली नाही.

सुजीतने तोडगा काढला. "बाराच तर कागद आहेत. आकडे जरा इकडेतिकडे कर. कुठे तीन, कुठे चार. कोण बघायला येतंय?"

ईश्वरी म्हणाली, "दॅट्स फ्रॉड, डॅड. आय स्टडी लॉ. रिमेंबर?"

ज्या वकिलीसाठी हा दोन महिने भांडतोय, तिनेच याचं तोंड बंद केलं. मी म्हटलं, तुमच्या कारखान्यात खिडक्यांचे कागद असेच भरतात का रे? मग आमच्या खिडकीतून वाळू का येते ते कळलं. तो उठून गेला.

ईश्वरीने डॉक्टर एमानला मेल लिहिली. सगळं लिहिलं. माझं नाव घातलं नाही, "नातेवाईक" घातलं. मी म्हटलं नाव घाल. नातेवाईक म्हटलं की लोकांना आत्या वाटते.

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर एमानने दोघींना बोलावलं. टॅक्सीने गेलो. साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये. एवढ्यात पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन आले असते.

बाई इजिप्तची, पन्नाशीची, डोक्याला रुमाल, टेबलावर पसारा. मी इंग्रजी बोलत नाही, ती मराठी बोलत नाही, मधे ईश्वरी. मी चार वाक्यं बोलले, ईश्वरीने दीड सांगितलं. मी म्हटलं बाकीची कुठे गेली? ती म्हणाली, "आजी, त्यात शिव्या होत्या." उर्मिलाबद्दल थोडं बोलले होते.

बाईने विचारलं, तुम्ही पाच सांगितलं ते ठीक. पण सगळ्यांनी ऐकलं, एकीनेही वेगळा आकडा दिला नाही. का?

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं. आम्ही सगळ्या मुलाच्या नाहीतर जावयाच्या व्हिसावर आहोत. दर वर्षी तो कागद नवा होतो, मुलगा-जावई करतो म्हणून होतो. अशा बाईला तुम्ही फॉर्म दिलात, वर नाव, खाली सही, आणि मधे विचारलंत की त्या घरात करमतं का. ती काय लिहिणार? तिला पळवाट हवीच होती. मी दाखवली. मी नसते तर दुसरं काहीतरी शोधलं असतं.

ईश्वरी सांगता सांगता थांबली. मग पूर्ण सांगितलं, या वेळी काही गाळलं नाही. बाईने लिहून घेतलं. मी विचारलं, हे तुमच्या शास्त्रात आहे का? म्हणाली आहे, त्याला मोठं नाव आहे. असेल.

मग निकाल दिला. हे बारा कागद वापरायचे नाहीत, पण फेकायचेही नाहीत. काय घडलं ते रिपोर्टमध्ये लिहायचं. दोन आठवड्यांत फॉर्म परत भरून घ्यायचे. नाव नको, नुसता नंबर. सहीचा कागद वेगळा. ईश्वरीने खोलीत थांबायचं नाही, दुसऱ्या मुलीने थांबायचं. आणि ते नाही जमलं, तर या वर्षी खलास.

उठताना मी म्हटलं मी माझा फॉर्म आत्ताच भरून देते, खरा. ईश्वरी म्हणाली, "तुझा चालणार नाही, आजी. तू माझी आहेस."

म्हणजे एक बाई कमी पडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

या आठवड्यात बायकांच्या घरी जाऊन आले. बाकावर सांगण्यासारखं नव्हतं. प्रत्येकीला सांगितलं की माझं चुकलं, परत या, आणि मला काही विचारू नका. तिघी म्हणाल्या सून विचारते एवढं काय भरता. दोघी म्हणाल्या बघू. बघू म्हणजे नाही, हे मी मेस चालवताना शिकले आहे. दोघींकडे परत गेले. दुसऱ्या खेपेला लाडू नेले.

उर्मिलाकडे शेवटी गेले. दार उघडून ती कडी धरून उभी राहिली. मी म्हटलं, नवव्या वाक्याचं तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "चौथ्याचं, सातव्याचं आणि सतराव्याचंही." मग चहा दिला. तिच्या मनात असतं तर दारातच उभं केलं असतं.

बारावी बाई मरियमबीने आणली. तिची नणंद, उम्म अल कुवैनला असते. तासभर लांब. मरियमबी म्हणाली, "येईल ती. तिला घराबाहेर पडायला कारणच हवं असतं."

१५ नोव्हेंबर, शनिवार

झालं. बिल्डिंगीच्या खालच्या हॉलमध्ये. टेबलं लांब लांब. रिद्धी नावाची ईश्वरीची मैत्रीण होती, तिला मराठी वाचता येत नाही, तेच बरं. प्रत्येकीला पेन्सिल आणि खोडरबर. भरलेला कागद खोक्यात टाकायचा. सुजीतने खोक्याला कारखान्यातून आणलेलं सील लावलं, मी सांगितलं नव्हतं.

मला आत जायची बंदी. मी बाहेर चपलांपाशी खुर्ची टाकून बसले. दहा मिनिटं झाली, कोणी बाहेर येईना. गेल्या खेपेला एवढ्यात चहा झाला होता. वीस मिनिटांनी उर्मिला आली. मग एकेक.

मरियमबी पाऊण तासाने आली. सगळ्यांत शेवटी. माझ्याशेजारी बसून चपला घातल्या.

म्हणाली, "पेन्सिल दिलीन ते बरं केलंन. तीनदा खोडलं."

"कुठलं?"

"तुला कशाला?"

तेही बरोबर. मग आम्ही दोघी बाकावर बसलो. तिने नवऱ्याच्या होडीबद्दल सांगितलं, ती कशी विकली. तीन वर्षं शेजारी बसतोय, ही होडी मला आज कळली.

१८ डिसेंबर, गुरुवार

निकाल. प्रोजेक्टला एक्क्याऐंशी. सरासरी शहात्तर. डॉक्टर एमानने हो म्हटलं. ईश्वरीला ऑनर्सला घेतलं.

ती कॉलेजातून धावत आली, मला फोनवर पत्र दाखवलं. मी म्हटलं चष्मा कुठे आहे बघू दे. चष्मा नाकावर होता.

रिपोर्टमधलं एक पान तिने मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात मी आहे, "संशोधकाची आजी" म्हणून. पहिल्या खेपेचे सगळे पाच लिहिलेत, आणि मी व्हिसाचं बोलले तेही. बायकांनी दुसऱ्या खेपेला काय लिहिलं ते मी विचारलं. म्हणाली, कोणी काय लिहिलं ते तिलाही माहीत नाही, फक्त आकड्यांची बेरीज माहीत आहे. "मग बेरीज सांग." ती म्हणाली, "आजी, आता एकही वाक्य असं नाही जिथे सगळ्या जणी सारख्या आहेत."

सुजीतने ऑफिसात खजूर वाटले. फोनवर पुण्याच्या चुलतभावाला सांगत होता, "आठ जागा असतात रे, शंभर पोरं बसतात. वकिली आहेच, ती कुठे जातेय?" मी शेजारीच होते. शिरा केला.

१० जानेवारी २०२६, शनिवार

माझा व्हिसा नवा झाला. सुजीतने कामाच्या मधून जाऊन केला. आणखी एक वर्ष.

ईश्वरीचं तिकीट अठरा फेब्रुवारीचं. बॅग आत्ताच उघडून ठेवली आहे, त्यात विभावरी रोज काहीतरी घालते आणि ईश्वरी रोज काढते. मी थालीपिठाची भाजणी दिली, ती तिने काढली नाही.

आज मला विचारत होती, "मी गेल्यावर मला रोज फोन करशील?" मी म्हटलं, तिकडची वेळ वेगळी. म्हणाली, "मग वहीत लिही. मी आले की वाचून दाखव." मी म्हटलं वही माझी आहे. तू दिलीस, म्हणजे माझी झाली. तू वकील आहेस, तुला कळायला हवं.

सहा महिन्यांनी रिद्धी त्याच बायकांकडून फॉर्म परत भरून घेणार आहे. माझा याही खेपेला चालणार नाही. म्हणून आजचे आकडे इथे लिहून ठेवते. पेन्सिल घेतली होती, खोडावं लागलं नाही.

चौथं. मला इथे करमतं. तीन.

नववं. दिवसभरात माझ्याशी बोलायला कोणी नसतं. दोन. बाक आहे.

चौदावं. मला काही सांगायचं असेल तर घरात ऐकणारं माणूस आहे. पाच.

हा पाचाचा आकडा मार्क म्हणून दिलेला नाही. अठरा फेब्रुवारीपर्यंत धरावा.